रॉबर्ट मॅक्नमारा: आकडे, युद्ध आणि मौन

नोव्हेंबर १९६८. जागतिक बँकेचे नवे अध्यक्ष कलकत्त्याला येणार म्हणून शहरात मोठी निदर्शनं झाली, आणि पाहुण्यांना विमानतळावरून शहरात नेण्यासाठी हेलिकॉप्टर वापरावं लागलं. कर्ज द्यायला येणाऱ्या माणसाचं असं स्वागत सहसा होत नाही. पण हा माणूस त्याच वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत अमेरिकेचा संरक्षणमंत्री होता, आणि व्हिएतनामच्या युद्धाला खुद्द अमेरिकेतही 'मॅक्नमाराचं युद्ध' म्हणत. रॉबर्ट स्ट्रेंज मॅक्नमारा हे त्यांचं पूर्ण नाव. (स्ट्रेंज हे आईचं माहेरचं आडनाव, कुणी थट्टेने जोडलेलं नाही.)

आपल्या आईवडिलांच्या पिढीने हे नाव वर्तमानपत्रांत वाचलं होतं. आमच्या पिढीला ते भेटलं एरल मॉरिस यांच्या 'द फॉग ऑफ वॉर' या २००३ सालच्या माहितीपटातून. पंचाऐंशी वर्षांचा एक म्हातारा थेट कॅमेऱ्याच्या डोळ्यात बघून बोलतो, मधूनच त्याचे डोळे भरून येतात, मधूनच तो प्रश्न टोलवतो. त्याच वर्षी अमेरिकेने इराकवर हल्ला केलेला असल्यामुळे या चित्रपटाची इकडे खूप चर्चा झाली, पुढे त्याला ऑस्करही मिळालं. मॅक्नमारा जुलै २००९ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी वारले.

मॉरिसने त्यांच्या आयुष्यातून अकरा धडे काढले आहेत. ते इथे पुन्हा सांगायचे नाहीत. मला या माणसात रस आहे तो वेगळ्या कारणासाठी. मॅक्नमारा धड सैनिक नव्हते आणि धड राजकारणीही नव्हते. गणित उत्तम, परीक्षेत वरचा नंबर, अफाट कष्टाळू, पैशाच्या बाबतीत स्वच्छ, कुठल्याही प्रश्नाचे तुकडे पाडून उत्तर काढणारे, असे ते होते. 'देश चालवायला असा एखादा शिकलेला, हुशार माणूस हवा' हे वाक्य आपल्याकडे दिवाणखान्यात बसून किती वेळा म्हटलं जातं! अमेरिकेने १९६१ साली नेमका तसा माणूस आणला होता. त्याचं पुढे काय झालं हे आपल्यासारख्या, आकडेमोडीवर पोट भरणाऱ्या लोकांनी जरा नीट समजून घ्यायला हवं.

मॅक्नमारांचा जन्म १९१६ सालचा, सॅन फ्रान्सिस्कोचा. बर्कलीला अर्थशास्त्र, मग हार्वर्डला एमबीए आणि तिथेच अध्यापन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन हवाई दलाने 'स्टॅटिस्टिकल कंट्रोल' नावाचा विभाग उघडला. किती विमानं आहेत, किती उडण्याजोगी आहेत, सुटे भाग कुठे पडून आहेत, एका बॉम्बमागे किती पेट्रोल जळतं, हे सगळं मोजणारा. मॅक्नमारा त्यात अधिकारी झाले. इथे एक भारतीय धागा आहे. जपानवर हल्ले करण्यासाठी बी-२९ ही नवी अजस्र विमानं १९४४ साली बंगालमध्ये खरगपूरच्या आसपासच्या तळांवर आणली गेली. तिथून हिमालयाच्या पूर्व टोकावरून चीनमध्ये पेट्रोल वाहून न्यायचं, तिथे पुरेसा साठा झाला की मग जपानवर जायचं, असा तो खटाटोप. पेट्रोल पोचवायला जाणारं विमानच वाटेत इतकं पेट्रोल खाई की कधीकधी पोचवण्यासारखं काही उरत नसे. हे गणित जमण्याजोगं नाही, हे आकडेवाल्यांना दिसत होतं. या मोहिमेचं मुख्यालय हिजलीच्या जुन्या बंदिशाळेत होतं. त्याच इमारतीत काही वर्षांनी आपली पहिली आयआयटी सुरू झाली.

पुढे विमानं मेरियाना बेटांवर हलली आणि सूत्रं जनरल कर्टिस लेमे यांच्याकडे आली. उंचावरून टाकलेले बॉम्ब नेमके लागत नव्हते. लेमेंनी विमानं खाली आणली आणि बॉम्बही बदलले. ९ आणि १० मार्च १९४५ च्या रात्री टोकियोच्या लाकडी घरांवर आग लावणारे बॉम्ब पडले. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं मेली. अणुबॉम्बच्या आधी जपानची साठाहून अधिक शहरं अशी जाळली गेली. बॉम्बफेकीची कार्यक्षमता वाढवण्याच्या विश्लेषणात आपण होतो, असं मॅक्नमारा म्हातारपणी स्वतः सांगतात. आपण युद्ध हरलो असतो तर आपल्यावर युद्धगुन्हेगार म्हणून खटले चालले असते, असं लेमे म्हणाले होते, हेही तेच सांगतात. आणि लेमेंचं बरोबर होतं, अशी पुस्तीही जोडतात.

हे ऐकताना मला खटकतं ते असं, की 'कार्यक्षमता' या शब्दात काहीच चुकीचं नाही. एका टन बॉम्बमागे किती चौरस मैल, हे भागाकाराचं गणित आहे आणि उत्तर बरोबर येतं. उत्तर बरोबर आलं की प्रश्न बरोबर होता का, हे विचारायचं राहून जातं.

युद्धानंतर या विभागातले दहा तरुण अधिकारी एकगठ्ठा फोर्ड कंपनीत गेले. कंपनी तेव्हा तोट्यात होती आणि हिशेबाचा पत्ता नव्हता. मॅक्नमारांनी तिथे खरोखर चांगलं काम केलं. अपघातात माणसं कशी मरतात याचा अभ्यास करवून घेतला आणि १९५६ च्या गाड्यांत सीटबेल्टचा पर्याय दिला, तेव्हा बाजारात त्याला फारशी मागणी नव्हती. नोव्हेंबर १९६० मध्ये ते फोर्डचे अध्यक्ष झाले. हेन्री फोर्डच्या घराण्याबाहेरचा माणूस त्या खुर्चीवर बसणं ही मोठी बातमी होती. त्यानंतर पाच आठवड्यांत केनेडींनी त्यांना संरक्षणमंत्री केलं. वय ४४.

पहिली मोठी परीक्षा ऑक्टोबर १९६२ ची. क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं आहेत, असे फोटो हाती आले. सेनाप्रमुखांचं मत होतं, हवाई हल्ला करा आणि मागोमाग सैन्य उतरवा. मॅक्नमारांनी समुद्री नाकेबंदीचा पर्याय लावून धरला. शेवटच्या दोन दिवसांत ख्रुश्चेव्हची दोन पत्रं आली, पहिलं मऊ, दुसरं कडक. कोणत्या पत्राला उत्तर द्यायचं? केनेडींच्या सल्लागारांत टॉमी टॉम्सन नावाचे राजनैतिक अधिकारी होते. ते मॉस्कोत राजदूत होते आणि ख्रुश्चेव्हना जवळून ओळखत. ते राष्ट्राध्यक्षांना तोंडावर म्हणाले, की तुमचा अंदाज चुकतो आहे. 'मी क्युबाला वाचवलं' एवढं आपल्या लोकांना सांगता आलं तर हा गृहस्थ मागे हटेल. तसंच झालं. क्युबावर हल्ला न करण्याचं उघड आश्वासन आणि तुर्कस्तानातली अमेरिकन क्षेपणास्त्रं काढण्याचा गुप्त शब्द, यावर जग वाचलं.

शाबासकी इथे मिळायला हवी ती टॉम्सनना. त्या खोलीतले बाकी सगळे ख्रुश्चेव्हच्या क्षेपणास्त्रांचा हिशेब करत होते, आणि एक माणूस ख्रुश्चेव्हचा हिशेब करत होता.

पण याच गोष्टीला एक खालचा मजला आहे, तो कित्येक वर्षं कुणालाच माहीत नव्हता. नाकेबंदी म्हणजे लढाई नव्हे, ख्रुश्चेव्हना पाठवलेला 'संदेश' आहे, अशी मॅक्नमारांची मांडणी होती. नौदलप्रमुख ॲडमिरल अँडरसन यांच्याशी त्यांची यावरूनच खडाजंगी झाली. जहाजं कशी अडवायची हे आरमाराला पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे, असा ॲडमिरलचा रोख. मॅक्नमारांचा मुद्दा, की एकही गोळी माझ्या परवानगीशिवाय सुटणार नाही. त्याच विचारातून पाणबुड्यांसाठी एक युक्ती ठरली: सरावासाठी वापरतात तसे छोटे स्फोटक गोळे पाण्यात टाकायचे, म्हणजे 'वर या' हा संदेश त्यांना कळेल. ही पद्धत मॉस्कोला कळवलीही होती. पण २७ ऑक्टोबरला बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीच्या पोटात बसलेल्यांना ती कळलेली नव्हती. आत असह्य उकाडा, हवा संपत आलेली, मॉस्कोशी संपर्क नाही, आणि बाहेर धडाधड स्फोट. पाणबुडीवर एक अण्वस्त्रधारी टॉर्पेडो होता. युद्ध सुरू झालं आहे अशी कप्तानाची समजूत झाली. वासिली आर्खिपोव्ह नावाच्या अधिकाऱ्याने त्याला शांत केलं आणि पाणबुडी वर आली. ही हकिगत जगापुढे आली ती २००२ साली, हवानातल्या एका परिषदेत. त्याआधी १९९२ च्या परिषदेत, त्याच शहरात, मॅक्नमारांना आणखी एक धक्का बसला होता. क्युबात त्या वेळी शंभराहून अधिक अण्वस्त्रं प्रत्यक्ष पोचलेली होती, आणि त्यांतली बरीचशी किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैन्यावर टाकण्याजोगी होती. सेनाप्रमुखांचा सल्ला मानला असता तर काय झालं असतं ते सांगायला नको. त्यानंतर मॅक्नमारा शेवटपर्यंत सांगत राहिले, की आम्ही शहाणपणाने वाचलो नाही, नशिबाने वाचलो.

मी इंजिनिअर आहे, सिग्नल आणि नॉइज हे माझे रोजचे शब्द. संदेशाचा अर्थ पाठवणारा ठरवत नाही, घेणाऱ्याकडे जी किल्ली असेल तिच्यावर तो ठरतो, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. क्युबात हे थोडक्यात निभावलं. व्हिएतनाममध्ये निभावलं नाही.

ऑगस्ट १९६४. उत्तर व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ, टोंकिनच्या आखातात अमेरिकेची मॅडॉक्स ही विनाशिका टेहळणी करत होती. २ तारखेला उत्तर व्हिएतनामच्या बोटींनी तिच्यावर खरोखर हल्ला केला. ४ तारखेच्या रात्री, काळोखात आणि खराब हवेत, मॅडॉक्स आणि टर्नर जॉय या दोन जहाजांनी पुन्हा हल्ला झाल्याचं कळवलं. सोनारवाल्याला एकामागून एक टॉर्पेडो ऐकू येत होते. वर घिरट्या घालणारे वैमानिक जेम्स स्टॉकडेल यांना मात्र खाली एकही शत्रूची बोट दिसली नाही. थोड्याच तासांत मोहिमेचे प्रमुख कॅप्टन हेरिक यांनी तार पाठवली, की यातल्या बऱ्याच नोंदी संशयास्पद वाटतात, हवेचा परिणाम आणि अति उत्साही सोनारवाला हे कारण असू शकेल, पुढचं पाऊल टाकण्यापूर्वी नीट तपासणी करावी. जहाजाच्या स्वतःच्याच वेगवान वळणांचा आवाज त्या पोराला टॉर्पेडोसारखा ऐकू येत होता.

वॉशिंग्टनला तपासणी नको होती. त्याच रात्री जॉन्सननी टीव्हीवर प्रत्युत्तराची घोषणा केली. ७ ऑगस्टला अमेरिकन संसदेने राष्ट्राध्यक्षांना जवळजवळ कोरा चेक दिला. प्रतिनिधिगृहात विरोधात शून्य मतं, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. दक्षिण व्हिएतनामच्या बोटी अमेरिकेच्या मदतीने त्याच सुमारास उत्तरेच्या किनाऱ्यावर छुपे हल्ले करत होत्या. आपल्या नौदलाचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं मॅक्नमारांनी सिनेटरांना सांगितलं. हे खरं नव्हतं. १९९५ साली ते हनोईला गेले तेव्हा त्यांनी जनरल ज्याप यांना विचारलं, ४ ऑगस्टला काय झालं होतं? ज्याप म्हणाले, काहीही नाही. २००५ मध्ये अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने आपल्याच इतिहासकाराचा अभ्यास खुला केला, त्यातही हाच निष्कर्ष आहे. पकडलेल्या सांकेतिक संदेशांची उलटसुलट जुळवणी करून दुसरा हल्ला 'सिद्ध' केला गेला होता.

सोनारवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. घाबरलेल्या माणसाला नॉइजमध्ये सिग्नल ऐकू येणारच. त्यासाठीच तर वर शांत डोक्याची माणसं बसवलेली असतात. पण वर बसलेल्यांना जे ऐकायचं होतं तेच खालून आलं, म्हणून त्यांनी ते पुन्हा मोजून पाहिलं नाही. नको असलेलं उत्तर आलं की आपण यंत्र तपासतो, हवं ते आलं की पेपर लिहायला घेतो. प्रयोगशाळेत याने फार तर एक चुकीचा निबंध छापला जातो.

मार्च १९६५ मध्ये उत्तर व्हिएतनामवर सलग बॉम्बफेक सुरू झाली. कल्पना पुन्हा 'संदेशा'चीच: हळूहळू दाब वाढवत न्यायचा, म्हणजे हनोईला कळेल की लढणं परवडणार नाही. त्याच महिन्यात दा नांगला मरीन सैनिक उतरले. १९६३ अखेर सुमारे १६ हजार सल्लागार होते, १९६७ अखेर पाच लाखांच्या आसपास सैन्य झालं.

या युद्धात आघाडी अशी नव्हतीच. आज हे गाव घेतलं, उद्या ते शहर, असं नकाशावर दाखवता येत नव्हतं. मग प्रगती मोजायची कशी? उत्तर सापडलं: मेलेले शत्रू मोजायचे. भरती होते त्यापेक्षा जास्त शत्रू मारले, की कधीतरी शत्रू संपेल. हे गणित कागदावर निर्दोष आहे. पण प्रेतांची संख्या हीच यशाची खूण ठरली, तुकडीच्या अधिकाऱ्याची बढती तिच्यावर अवलंबून राहू लागली, आणि मग संख्या वाढू लागली. मेलेला प्रत्येक शेतकरी व्हिएत काँग झाला. खालून वर जाताना प्रत्येक पायरीवर आकडा थोडा फुगला आणि वर पोचेपर्यंत दशांश चिन्हासकट शास्त्रशुद्ध दिसू लागला.

वजाबाकीची दुसरी बाजूही बघा. १९६७ साली सीआयएचे विश्लेषक सॅम ॲडम्स म्हणत होते, की दक्षिणेत शत्रूचं बळ लष्कर सांगतं त्याच्या जवळपास दुप्पट आहे. सायगावच्या लष्करी मुख्यालयाने आकडा तीन लाखांच्या खाली ठेवला. कसा? गावोगावचे राखीव लढवय्ये यादीतूनच काढून टाकले. जानेवारी १९६८ च्या अखेरीस, व्हिएतनामी नववर्षाच्या सणात, एकाच वेळी शंभरावर शहरांवर आणि गावांवर हल्ले झाले. यादीतून माणसं काढली तरी ती गावातून जात नाहीत.

एडवर्ड लान्सडेल हे हवाई दलातले अधिकारी गनिमी युद्धाचे जाणकार मानले जात. त्यांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. मॅक्नमारांनी युद्धात काय काय मोजायचं याची पेन्सिलीने केलेली यादी त्यांना दाखवली. लान्सडेल म्हणाले, सगळ्यात महत्त्वाचं राहिलं आहे, व्हिएतनामी माणसाला काय वाटतं ते. आता हे कोणत्या रकान्यात लिहायचं? जे मोजता येत नाही ते महत्त्वाचं नाही असं धरायचं, आणि मग ते अस्तित्वातच नाही असं वागायचं, या घसरणीला आज 'मॅक्नमारा फॅलसी' असं नावच पडलं आहे.

तंत्रज्ञानाचाही प्रयोग झाला, आणि तो माझ्या क्षेत्राचा असल्यामुळे मी त्याबद्दल जास्त वाचलं आहे. १९६६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या नामवंत शास्त्रज्ञांच्या एका गटाने अहवाल दिला, की बॉम्बफेकीमुळे हनोईच्या लढण्याच्या क्षमतेवर मोजण्याजोगा परिणाम झालेला नाही. त्याऐवजी त्यांनी इलेक्ट्रॉनिक कुंपण सुचवलं. मॅक्नमारांनी ते उचललं. लाओसच्या जंगलातल्या हो ची मिन्ह वाटेवर जमिनीची कंपनं आणि आवाज टिपणारे हजारो सेन्सर विमानातून टाकले गेले, काही तर झुडपासारखे दिसणारे. त्यांचे संदेश थायलंडमधल्या नाखोन फानोम इथल्या संगणकांपर्यंत जायचे आणि तिथून बॉम्बफेकी विमानांना ठिकाणं मिळायची. अभियांत्रिकी म्हणून ही कमाल होती. वाटेवरची वाहतूक मात्र थांबली नाही. माणसाच्या अंगाचा वास हुंगणारं एक यंत्रही हेलिकॉप्टरवर बसवलं होतं. व्हिएतनामी लोकांनी जंगलात लघवीच्या बादल्या टांगून ठेवल्या, यंत्राने इमानेइतबारे तिथे शत्रूसैन्य असल्याचं कळवलं.

आणि न मोजलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे इतिहास. अमेरिकेच्या लेखी हे युद्ध कम्युनिस्ट चीनला अडवण्यासाठी होतं. एक ठोकळा पडला की सगळे पडतील! १९९५ च्या त्याच भेटीत माजी परराष्ट्रमंत्री न्विन को थाक यांच्याशी मॅक्नमारांचा जेवणाच्या टेबलावर कडाक्याचा वाद झाला. आम्ही हजार वर्षं चिन्यांशी लढतो आहोत, आम्ही चीनचे प्यादे असू असं तुम्हाला वाटलंच कसं, तुम्ही इतिहासाचं एखादं पुस्तक उघडलं नव्हतं का, असा थाक यांचा सवाल होता. अमेरिकन सैन्य गेल्यावर सहाच वर्षांनी, फेब्रुवारी १९७९ मध्ये, चीनने व्हिएतनामवर हल्ला केला, तेव्हा कोण कुणाचा ठोकळा होता हे उघड झालं. क्युबाच्या वेळी खोलीत टॉम्सन होते. व्हिएतनामच्या वेळी टॉम्सन नव्हते, कारण आशियाचे उत्तम जाणकार परराष्ट्र खात्यातून १९५० च्या दशकात, मॅकार्थीच्या लाटेत, कम्युनिस्टधार्जिणे म्हणून हाकलले गेले होते. ही कारणमीमांसा खुद्द मॅक्नमारांची आहे आणि ती मला पटते. गैरसोयीचं बोलणारा माणूस काढला की त्याची किंमत लगेच कळत नाही, दहा वर्षांनी कळते.

आता सगळ्यात अवघड भाग. मॅक्नमारांना कळत नव्हतं का? कळत होतं, आणि फार लवकर. डिसेंबर १९६५ मध्येच त्यांनी जॉन्सनना सांगितलं, की लष्करी विजयाची खात्री देता येत नाही. त्याच्या महिनाभर आधी, २ नोव्हेंबरला, नॉर्मन मॉरिसन या क्वेकर पंथाच्या माणसाने पेंटॅगॉनमध्ये त्यांच्या खिडकीखालीच स्वतःला जाळून घेतलं होतं. घरात पत्नी आणि मुलं युद्धाने अस्वस्थ होती, पण या विषयावर घरी बोलणं नाही. ऑक्टोबर १९६६ मध्ये सायगावहून परतताना विमानात डॅनियल एल्सबर्ग होते. त्यांनी सांगितलेली हकिगत अशी: मॅक्नमारा तावातावाने म्हणत होते, की इतकं सैन्य ओतूनही परिस्थिती सुधारलेली नाही, म्हणजे मुळात बिघडलेलीच आहे. विमान उतरलं. बाहेर पत्रकार उभे होते. त्यांच्यापुढे जाऊन मॅक्नमारांनी सांगितलं, की प्रगती उत्तम आहे.

१ नोव्हेंबर १९६७ ला त्यांनी जॉन्सनना लेखी कळवलं, की सैन्य वाढवणं थांबवा, बॉम्बफेक थांबवा, लढाई दक्षिणेच्या हवाली करा. उत्तर आलं नाही. महिनाअखेर त्यांची जागतिक बँकेवर नेमणूक जाहीर झाली. आपण राजीनामा दिला की आपल्याला काढलं, हे त्यांना स्वतःलाही नक्की सांगता आलं नाही. आणि त्यानंतर ते गप्प बसले. जवळजवळ सत्तावीस वर्षं.

वॉशिंग्टनमध्ये काळ्या ग्रॅनाइटची एक भिंत आहे. तिच्यावर या युद्धात मेलेल्या ५८ हजारांवर अमेरिकनांची नावं आहेत, आद्याक्षरांनुसार नव्हे, तारखांनुसार. त्यामुळे तिथे चालता चालता काळ मोजता येतो. नावं मधल्या कोपऱ्यापासून सुरू होऊन पूर्वेच्या टोकाला जातात, आणि मग पश्चिमेच्या टोकापासून पुन्हा कोपऱ्याकडे येतात. पूर्वेची बाजू मे १९६८ च्या सुमारास संपते. म्हणजे मॅक्नमारा खुर्चीवरून उठले त्यानंतरची नावं निम्म्याहून अधिक आहेत. ती सगळी त्यांच्या बोलण्याने वाचली असती असं मी म्हणणार नाही, युद्ध जॉन्सनचं होतं, मग निक्सनचं झालं. पण एवढं वजन असलेला माणूस १९६८ साली जाहीरपणे उभा राहिला असता, तर निदान तोल हलला असता. व्हिएतनामी माणसांना अशी भिंत नाही. हनोई सरकारने १९९५ मध्ये दिलेला आकडा सुमारे ११ लाख लढवय्ये आणि २० लाख नागरिक असा आहे.

बोलले ते त्यांचेच कागद. जून १९६७ मध्ये मॅक्नमारांनीच या युद्धाचे निर्णय कसे झाले याचा गुप्त अभ्यास करवून घेतला, सुमारे सात हजार पानांचा. एल्सबर्गनी तो फोडला आणि १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापायला सुरुवात केली. तेच 'पेंटॅगॉन पेपर्स'. एकाच विमानातून उतरलेल्या दोन माणसांतला एक तुरुंगाची तयारी ठेवून बोलला, दुसऱ्याने बोलण्यासाठी १९९५ सालचं आत्मचरित्रपर पुस्तक गाठलं. त्यात चूक कबूल केली, पण तोवर वरातीमागून घोडं आलेलं होतं. न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखातून त्यांना धारेवर धरलं. त्यांचा मुलगा क्रेग याने २०२२ मध्ये स्वतःचं पुस्तक लिहिलं. जगापुढे बोललेला बाप आपल्याशी या विषयावर शेवटपर्यंत बोलला नाही, ही खंत त्यात आहे.

जागतिक बँकेत मॅक्नमारा १९८१ पर्यंत होते. गरिबी हा बँकेचा विषय त्यांनी बनवला आणि पश्चिम आफ्रिकेत नदीकाठच्या आंधळेपणाविरुद्धची मोहीम उभी करण्यात त्यांचा मोठा हात होता. हे त्यांच्या पारड्यात टाकायलाच हवं. पण लोकसंख्येच्या बाबतीत जुनीच सवय दिसते. आणीबाणीत, नोव्हेंबर १९७६ मध्ये ते भारतात आले आणि कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमाबद्दल समाधान व्यक्त करून गेले. त्या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. तलाठ्यापासून शिक्षकापर्यंत सगळ्यांना कोटा ठरवून दिलेला होता. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर करणारं पहिलं राज्य आपला महाराष्ट्र होता, राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते बारगळलं. आकडा जसजसा वर गेला तशी माणसं ऊसात लपू लागली. तो आकडा यश मोजत होता की भीती, हे दिल्लीतल्या तक्त्यात दिसण्याची सोय नव्हती. १९७७ च्या निवडणुकीत दिसलं.

मग मोजूच नये का? तसं मी म्हणणार नाही, माझी भाकरी त्यावरच आहे. मॅक्नमारांनी मोजलं म्हणून फोर्डच्या गाडीत सीटबेल्ट आला. बिनआकड्याचे, छाती ठोकून निर्णय घेणारे लोक कमी घातक नसतात, क्युबाच्या वेळचे सेनाप्रमुख आठवा. मला या आयुष्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं, की आकडा पुढे आला की तीन प्रश्न विचारायचे. तो कुणी मोजला, आणि तो वाढला तर कुणाची बढती होते? समोरच्या बाजूला बसून पाहिलं तर याच गोष्टीचा अर्थ काय लागतो? आणि हा आकडा खोटा आहे हे ज्याला माहीत आहे, तो या खोलीत आहे का, असल्यास त्याला तोंड उघडता येतं का?

पहिल्या दोन प्रश्नांसाठी हुशारी पुरते. तिसऱ्यासाठी पुरत नाही. मॅक्नमारांकडे हुशारी भरपूर होती, आणि त्या खोलीतला ज्याला माहीत होतं तो माणूस ते स्वतःच होते.

'द फॉग ऑफ वॉर' मिळाला तर जरूर पाहा. शेवटी मॉरिस त्यांना विचारतो, की तुम्ही पद सोडल्यावर युद्धाविरुद्ध का बोलला नाहीत? ते उत्तर द्यायचं टाळतात. त्या टाळण्याकडे नीट लक्ष द्या.